नाव हरवले होते, कॉम्प्युटर नव्हे

महिन्याची ९ तारीख होती. मासिक विवरण भरणाऱ्या व्यापाऱ्यांना ठाऊकच आहे की जीएसटीआर-१ ची मुदत ११ तारखेला संपते. त्या दिवशी सकाळी आकुर्डीतील आमच्या दुकानात काउंटरवरच्या कॉम्प्युटरने बिलांचे खाते उघडण्यास साफ नकार दिला. पडद्यावर इंग्रजीत एवढेच, की नेटवर्कचा रस्ता सापडत नाही. सारा हिशेब आतल्या खोलीतील जुन्या कॉम्प्युटरवर असतो. त्याचे नाव आम्ही ‘गोदाम’ ठेवले आहे.

दुरुस्तीला आलेल्या मुलाने पाच मिनिटे पाहिले आणि निकाल दिला, “चाचा, हा डबा आता संपला. नवा घ्या, चाळीस हजारांत बसेल.” मी म्हटले, “बेटा, डबा संपला तर त्याच्यासमोर बसून मुनीमजी चलान कसे काढतात?” गोदामवर बसले की सर्व खाती उघडत होती, प्रिंटरही चालत होता. फक्त काउंटरवरून त्याला हाक ऐकू जात नव्हती. मुलाकडे याचे उत्तर नव्हते.

जुना कॉम्प्युटर आम्ही हौस म्हणून ठेवलेला नाही. तीन प्रतींचे चलान काढणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर त्याला जुन्या रुंद पोर्टने जोडला आहे आणि नव्या मशीनला ते पोर्ट येत नाही. आकुर्डी-चिंचवड एमआयडीसीतील ज्या वर्कशॉपना आम्ही कामगारांच्या गणवेशाचे कापड देतो, तेथेही हाच मामला. यंत्र उत्तम चालते, पण त्याच्याशी बोलणारे कार्ड किंवा सॉफ्टवेअर फक्त जुन्या विंडोजवर चालते. म्हणून हा विषय केवळ कापडवाल्यांचा नाही.

आता मूळ गोष्ट समजून घ्यावी. कॉम्प्युटर एकमेकांना नावाने ओळखत नाहीत, नंबराने ओळखतात. नाव आपल्या सोयीसाठी असते. थानावर आपण क्वालिटीचे नाव लिहितो, पण भिवंडीच्या किंवा इचलकरंजीच्या व्यापाऱ्याशी वाद झाला तर लॉटचा नंबरच पाहावा लागतो, तसेच हे. नावावरून नंबर काढण्याचे काम बिघडले की माल जागेवर असूनही सापडत नाही. तेव्हा पहिला प्रश्न असा विचारावा : नंबराने हाक मारली तर उत्तर येते का?

त्यासाठी जुन्या कॉम्प्युटरवर काळी खिडकी, म्हणजे कमांड प्रॉम्प्ट, उघडून ‘आयपीकॉन्फिग’ हा शब्द मध्ये जागा न सोडता टाइप करावा. चार भागांचा एक नंबर दिसतो. आमच्याकडे १९२.१६८.०.७ आला. मग दुसऱ्या कॉम्प्युटरवर ‘पिंग’ लिहून, एक जागा सोडून तो नंबर टाकावा. उत्तरे आली तर तार, कार्ड, राउटर सर्व ठीक. नंतर ‘पिंग’ लिहून नंबराऐवजी नाव टाकावे. नंबराला उत्तर आणि नावाला नाही, असे झाले तर दोष नावातच आहे. नंबरालाही उत्तर नसेल तर आधी तार आणि फायरवॉल पाहावी. आयपीकॉन्फिगने १६९.२५४ ने सुरू होणारा नंबर दाखवला तर राउटरकडून नंबर मिळालाच नाही असे समजावे.

आमच्याकडे नंबराला चटकन उत्तर आले. नावाने हाक मारली तेव्हा मात्र कॉम्प्युटरने नावापुढे कंसात १९२.१६८.१.१० हा भलताच नंबर दाखवला आणि वाट पाहून थकला. म्हणजे नाव हरवलेही नव्हते. त्याच्यासमोर जुना पत्ता लिहिलेला होता आणि काउंटर रोज त्या रिकाम्या घराचे दार ठोठावत होता.

हा जुना पत्ता कोठून आला? विंडोज नाव शोधताना आधी स्वतःजवळची एक छोटी वही पाहते. तिचे नाव ‘होस्ट्स’. सी ड्राइव्हमध्ये विंडोज, त्यात सिस्टिम३२, त्यात ड्रायव्हर्स, त्यात ईटीसी, अशा चार दारांच्या आत ती असते. तिच्यात नसेल तर डीएनएसला विचारते. तेथेही नसेल तर दुकानातल्या दुकानात मोठ्याने पुकारते, ‘गोदाम कोण आहे?’ या पुकारण्याच्या पद्धतीला नेटबायॉस म्हणतात. तिच्यात नाव १५ अक्षरांपेक्षा मोठे चालत नाही. दुकानाचे पूर्ण नाव, गल्ली आणि मशीनचा नंबर असे लांबलचक नाव ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

काही वर्षांपूर्वी अशीच अडचण आली असता कोणीतरी होस्ट्सच्या वहीत ‘१९२.१६८.१.१० गोदाम’ अशी ओळ लिहून ठेवली होती. तेव्हा तो उपाय बरोबर होता. मग परवा इंटरनेटवाल्याने राउटर बदलला. नव्या राउटरने सर्वांना नवे नंबर वाटले. वही तशीच राहिली, आणि वहीत उत्तर मिळाल्यामुळे काउंटरने पुढे कोणाला विचारलेच नाही. कालचे औषध आजचे दुखणे झाले.

ही वहीची पद्धत फार जुनी आहे. इंटरनेटचा पूर्वज जो आर्पानेट, त्याच्या काळी सर्व कॉम्प्युटरांची नावे कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत एकाच फाइलमध्ये ठेवत आणि प्रत्येक जण तिची प्रत उतरवून घेई. यादी वाढत गेली, प्रती जुन्या राहू लागल्या, तेव्हा १९८३ साली पॉल मॉकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली. आमच्या दुकानातील घोटाळा म्हणजे त्याच जुन्या दुखण्याची लहान आवृत्ती.

दुरुस्ती अशी केली. नोटपॅडवर उजवी कळ दाबून ते ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ म्हणून उघडले, नाहीतर विंडोज वहीत लिहू देत नाही. ओळीतील नंबर बदलला. जतन करताना नावाला ‘टीएक्सटी’चे शेपूट लागणार नाही हे पाहिले. शेपूट लागले तर विंडोज ती वही वाचतच नाही आणि माणूस दिवसभर डोके धरून बसतो. शेवटी राउटरमध्ये गोदामचा नंबर राखून ठेवला, म्हणजे राउटर त्याला रोज तोच देईल. चहा थंड होण्यापूर्वी काउंटरवर बिले उघडली.

एक सूचना येथेच सांगतो. राउटर बदलल्यावर विंडोज ७ विचारते की हे नेटवर्क घरचे, कचेरीचे की सार्वजनिक? घाईत ‘सार्वजनिक’ दाबले तर ती आपली दारे बंद करून घेते आणि मग नाव काय नि नंबर काय, कशालाच उत्तर मिळत नाही.

इंटरनेटवरील नावांचाही हिशेब असाच लागतो. साइट उघडत नसेल तर ८.८.८.८ या गुगलच्या नंबराला पिंग करावे. त्याला उत्तर आले, पण कोणत्याच साइटचे नाव लागत नसेल, तर डीएनएसचा नंबर तपासावा. पुष्कळ जुन्या मशीनवर आधीच्या इंटरनेट कंपनीचा नंबर हाताने भरून ठेवलेला असतो. उर्दू शाळेत शिकल्यामुळे मला यातील एक गोष्ट फार आवडली : जीएसटी डॉट गव्ह डॉट इन हे नाव डीएनएस उजवीकडून डावीकडे सोडवते. आधी ‘इन’, म्हणजे भारत, मग ‘गव्ह’, म्हणजे सरकार, मग ‘जीएसटी’. पत्ता पोस्टमन वाचतो तसा. आधी गाव, शेवटी घर.

मात्र नावाचा नंबर बरोबर लागूनही साइट उघडत नसेल तर डीएनएसच्या मागे लागू नये. जुन्या कॉम्प्युटरमधील नाण्याएवढी बॅटरी, सीआर२०३२, संपली की तारीख मागे जाते आणि साइटचे प्रमाणपत्र त्याला खोटे वाटते. आधी कोपऱ्यातील घड्याळ पाहावे. घड्याळ बरोबर असेल तर ब्राउझरच जुना झालेला असतो.

आता धोक्याची बाब. नव्या विंडोज १० किंवा ११ वर ‘नेटवर्क’च्या खिडकीत जुने मशीन दिसत नाही, म्हणून काही कारागीर ‘एसएमबी १’ नावाची जुनी सोय चालू करून देतात. ऑक्टोबर २०१७ च्या आवृत्तीपासून नव्याने बसवलेल्या विंडोज १० मध्ये ती सोय दिली जात नाही, आणि तिला कारण आहे. त्याच वर्षी मे महिन्यात वॉनाक्रायने आणि जूनमध्ये नॉटपेट्याने याच वाटेने जगभर कॉम्प्युटर बंद पाडले. नॉटपेट्यामुळे न्हावा-शेवा बंदरातील एका टर्मिनलचे कामही ठप्प झाले होते. गोदाम विंडोज ७ वर असेल तर या सोयीची गरजच नाही. खिडकीत न दिसले तरी दोन उलट्या तिरप्या रेघा देऊन नाव किंवा नंबर लिहिला की ते उघडते. एक्सपीचे मात्र त्या सोयीशिवाय चालत नाही. तेव्हा एक्सपीवरची फाइल पेनड्राइव्हने, व्हायरस तपासून, न्यावी हे बरे.

विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टची सुरक्षा १४ जानेवारी २०२० रोजी बंद झाली, एक्सपीला त्याआधीच ८ एप्रिल २०१४ रोजी. म्हणून आम्ही पुढे गोदामला नंबर हातानेच भरून दिला आणि ‘गेटवे’ व ‘डीएनएस’ हे रकाने रिकामे ठेवले. आता ते दुकानात सर्वांशी बोलते, पण बाहेर इंटरनेटवर जाऊ शकत नाही. विवरण नव्या मशीनवरून भरतो. त्या महिन्याचे १० तारखेलाच गेले.

होस्ट्सची वही उघडाल तेव्हा तिच्यात बँकेचे किंवा सरकारी साइटचे नाव दिसते का तेही पाहावे. तेथे त्यांचे काही काम नसते. दिसलेच तर ती ओळ कोणीतरी फसवण्यासाठी घातली आहे असे समजून त्या मशीनवर पैशाचा व्यवहार करू नये आणि आधी ते स्वच्छ करून घ्यावे.

तिन्ही मशीनची नावे व नंबर मी थानाच्या पुठ्ठ्यावर लिहून राउटरशेजारी टांगले आहेत. राउटर बदलायला माणूस आला की मुनीमजी आधी तो पुठ्ठा त्याच्या हातात देतात.