उतेऱ्यातील लाखोळी : बांधीपासून ताटापर्यंतची सावधगिरी

भिलाईचे नाव निघाले की पोलाद कारखाना डोळ्यांसमोर येतो. १९५९ मध्ये येथील पहिली झोतभट्टी पेटली आणि देशाच्या अनेक भागांतून माणसे कामासाठी आली; विदर्भातील मराठी कुटुंबेही येथे स्थायिक झाली. परंतु कारखान्याची वसाहत मागे पडताच दुर्ग जिल्ह्यातील धानाच्या बांध्या सुरू होतात. उभ्या धानात फेकून पेरले जाणारे 'तिवरा' हे कडधान्य या बांध्यांतील जुने पीक आहे. छत्तीसगडात त्याला लाखडी असेही म्हणतात. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील शेतकरी त्याला लाख किंवा लाखोळी या नावाने ओळखतात. प्रदेश दोन असले तरी पीक एक, उतेऱ्याची पद्धत एक आणि त्यासंबंधीची भीतीही एकच आहे.

लाखोळी खाल्ल्याने माणूस पांगळा होतो, असे आपण ऐकत आलो आहोत. दुसरीकडे, पिढ्यान्‌पिढ्या लाखोळी खाणारी आणि धडधाकट असणारी कुटुंबेही आपल्या पाहण्यात असतात. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्यांचा मेळ कसा बसतो, हे समजल्याशिवाय या पिकाविषयी योग्य सल्ला देता येत नाही. प्रस्तुत लेखात पेरणी, बियाणे, जनावरे आणि स्वयंपाक या चारही अंगांनी त्याचा विचार केला आहे.

पिकाचे बळ

धान निघाल्यावर जमिनीत जो ओलावा उरतो, तेवढ्यावर लाखोळी येते. नांगरणी लागत नाही, पाणी द्यावे लागत नाही, खर्चही नाममात्र असतो. छत्तीसगडात 'कन्हार' म्हणून ओळखली जाणारी भारी काळी जमीन आणि 'डोरसा' ही मध्यम जमीन या पिकाला मानवते. 'भाठा' या हलक्या मुरमाड जमिनीत उतेरा साधत नाही. लाखोळीच्या दाण्यात सुमारे २८ टक्के प्रथिने असतात. मुळांवरील गाठींमुळे जमिनीला नत्र मिळते आणि मळणीनंतर उरणारे कुटार गुरांना चालते. सिंचनाविना पडीक राहणाऱ्या बांधीतून दुसरे पीक देणारा इतका स्वस्त पर्याय सहसा सापडत नाही.

धोका कोठे आहे

लाखोळीच्या दाण्यात 'बीटा-ओडॅप' नावाचे अमिनो आम्ल असते. भारतीय शास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये त्याची ओळख पटवली. हे द्रव्य मज्जासंस्थेवर परिणाम करते. एकूण अन्नाच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक वाटा लाखोळीचा असेल आणि ते सलग दोन-तीन महिने चालू राहिले, तर पायांतील शक्ती जाण्याचा धोका निर्माण होतो. या विकाराला 'लॅथिरिझम' म्हणतात. आलेले पंगुत्व औषधाने बरे होत नाही.

या विकाराची एक जुनी नोंद इंग्रज अधिकारी स्लीमन यांनी १८४४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात केली आहे. सागर भागात १८२९ पासून सलग तीन वर्षे गव्हाचे पीक गारपीट, अपुरा पाऊस आणि रोग यांमुळे बुडाले. तिवरा मात्र तगला. लोकांनी तोच खाल्ला. पुढे तिशीच्या आतील अनेक तरुणांचे पाय निकामी झाले.

या नोंदीतच आपल्या विषयाचे मर्म आहे. इतर पिके ज्या वर्षी जातात त्या वर्षी लाखोळी तगते, म्हणून ती गरिबाचा आधार ठरते; आणि त्याच वर्षी ताटात दुसरे काही नसते, म्हणून ती घातक ठरते. यात आणखी एक भर पडते. पिकाला पाण्याचा ताण बसला की दाण्यातील ओडॅपचे प्रमाण वाढते. म्हणजे अवर्षणाच्या वर्षी दाणा अधिक विषारी आणि आहार अधिक एकसुरी, असा दुहेरी प्रसंग ओढवतो. वाटीभर डाळ अधूनमधून खाणे आणि तिच्यावरच तीन महिने काढणे, या दोहोंतील फरक शेतकरी कुटुंबापर्यंत पोहोचवणे हे विस्तार कार्यकर्त्याचे पहिले काम आहे.

कायद्याचीही माहिती असावी. केंद्र शासनाने १९६१ मध्ये अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांखाली लाखोळीच्या विक्रीवर निर्बंध घातले. लागवडीवर बंदी नव्हती आणि अंमलबजावणी राज्याराज्यांत वेगवेगळी राहिली. त्यामुळे विक्रीचे नियोजन करण्यापूर्वी आपल्या राज्यातील सध्याचा नियम अन्नसुरक्षा कार्यालयाकडून समजून घ्यावा. तुरीच्या डाळीत किंवा बेसनात लाखोळी मिसळणे हा तर सरळ भेसळीचा गुन्हा आहे. लाखोळीचा दाणा गोल नसून पाचरीसारखा कोनदार असतो. खडा दाणा पाहून तो सहज ओळखता येतो, पीठ झाल्यावर मात्र डोळ्यांना फरक कळत नाही.

वाण आणि बियाण्याची शुद्धता

कमी ओडॅप असलेले वाण उपलब्ध आहेत. नवी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने ऊतिसंवर्धनाच्या तंत्राने 'रतन' (बायो एल-२१२) हा वाण विकसित केला. रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाने 'प्रतीक' आणि 'महातिवरा' हे वाण दिले. या वाणांत ओडॅपचे प्रमाण ०.१ टक्क्याच्या आत असते. अनेक स्थानिक वाणांत ते त्याच्या कित्येक पट आढळते. येथे एक इशारा आवश्यक आहे : कमी ओडॅप म्हणजे ओडॅप नाही असे नव्हे. सुधारित वाण लावला म्हणून आहारातील मर्यादा सोडता येत नाही.

दुसरा मुद्दा शुद्धतेचा. लाखोळी मुख्यतः स्वपरागित असली तरी मधमाश्यांमुळे परपरागीकरण होते. शेजारच्या बांधीत जुना स्थानिक वाण असेल, तर काही हंगामांत सुधारित वाणाचा गुण मिसळून जातो. म्हणून पुढील काळजी घ्यावी :

– शक्य असल्यास एका शिवारातील लगतच्या सर्व शेतकऱ्यांनी एकच सुधारित वाण पेरावा.
– घरचे बियाणे राखायचे असल्यास ते धुऱ्यालगतच्या झाडांचे न घेता बांधीच्या मधल्या भागातून घ्यावे.
– फुलाचा रंग किंवा वाढीची ठेवण वेगळी दिसणारी झाडे फुलोऱ्यातच उपटून टाकावीत.
– दर तीन-चार वर्षांनी विद्यापीठाकडून किंवा कृषी विज्ञान केंद्राकडून बियाणे बदलावे.

उतेरा पेरणी

धान कापणीच्या साधारण दोन ते तीन आठवडे आधी, बांधीतील साचलेले पाणी काढून टाकल्यावर आणि चिखल मऊ असतानाच बियाणे फेकावे. पाणी साचलेले असेल तर बी कुजते. जमिनीला भेगा पडू लागल्यावर फेकल्यास ते रुजत नाही. पाय चिखलात किंचित रुततो, पण पाऊलखुणेत पाणी भरत नाही, ही योग्य वेळ समजावी.

– बियाणे हेक्टरी ७० ते ८० किलो, म्हणजे एकरी सुमारे ३० किलो घ्यावे.
– बियाणे रात्रभर पाण्यात भिजवून सावलीत सुकवावे. त्यानंतर दर १० किलो बियाण्यास २५० ग्रॅम रायझोबियम जिवाणू खत चोळून लगेच पेरावे.
– धानाची कापणी विळ्याने करावी व धसकटे थोडी उंच ठेवावीत. लाखोळीचे वेल त्यांच्या आधाराने चढतात.
– फुलोऱ्यात आणि शेंगा भरताना २ टक्के डीएपीची फवारणी करावी. त्यासाठी १० लिटर पाण्यास २०० ग्रॅम डीएपी आदल्या रात्री भिजत घालून सकाळी गाळून घ्यावे.
– जमिनीत जस्ताची कमतरता असल्यास लाखोळीतील ओडॅप वाढतो. म्हणून माती परीक्षणानुसार धानाच्या चिखलणीच्या वेळी हेक्टरी २५ किलो झिंक सल्फेट द्यावे. ते स्फुरदयुक्त खतात मिसळू नये.
– मावा, फुलकिडे आणि भुरी यांवर लक्ष ठेवावे. शेंगा तपकिरी होऊ लागताच सकाळच्या गारव्यात काढणी करावी. उशीर झाल्यास शेंगा फुटून दाणे गळतात.

हार्वेस्टरने कापणी केली की चाकांखाली उतेऱ्याचे कोवळे कोंब चिरडले जातात. मजुरांची टंचाई लक्षात घेता सर्वच धान हाताने कापणे शक्य नसते. म्हणून उतेऱ्याची बांधी आधीच निश्चित करून तेवढीच विळ्याने कापण्याचे ठरवावे. त्या बांधीत धसकटे जाळण्याचा प्रश्नच येत नाही, हा आणखी एक लाभ.

मोकाट चराई आणि गावाचा करार

उतेरा बुडण्याचे मोठे कारण कीड किंवा रोग नसून मोकाट गुरे हे आहे. धान निघताच गुरे सोडून देण्याची रीत छत्तीसगडात आणि पूर्व विदर्भातही आहे. एकट्या शेतकऱ्याने कुंपण घालून हा प्रश्न सुटत नाही. पिकापेक्षा कुंपण महाग पडते. छत्तीसगडात गुरांना अटकाव करण्याच्या ग्रामप्रथेला 'रोका-छेका' म्हणतात. राज्य शासनाने २०१९ पासून 'नरवा, गरुवा, घुरुवा, बारी' म्हणजे नाला, गुरे, उकिरडा आणि परसबाग यांना एकत्र जोडणारा कार्यक्रम राबवला. २० जुलै २०२० रोजी, हरेलीच्या सणाला, गौठाणांत शेण किलोला २ रुपये दराने विकत घेण्याची योजना सुरू झाली. शासन बदलले की योजनांचे रूप बदलते. परंतु गुरे एका जागी बांधली तर पीक वाचते आणि शेणही हाती लागते, हा त्यामागील व्यवहार कायम राहतो.

ग्रामसभेने खरिपाच्या अखेरीस तीन गोष्टी ठरवाव्यात : उतेऱ्याचे सलग शिवार कोणते, गुरे कोणत्या तारखेपर्यंत बांधावयाची आणि गुराख्याची मजुरी कोणी व कशी द्यावयाची. मजुरीची तरतूद नसलेला ठराव टिकत नाही.

स्वयंपाकातील काळजी

ओडॅप पाण्यात विरघळतो. म्हणून डाळ गरम पाण्यात काही तास भिजवून ते पाणी फेकून द्यावे, नंतर भरपूर पाण्यात उकळून तेही पाणी टाकावे आणि मग फोडणी द्यावी. यामुळे ओडॅपचा मोठा भाग निघून जातो. काही जीवनसत्त्वेही पाण्याबरोबर जातात. ती उणीव भाजीने भरून काढावी. न भिजवता दळलेल्या पिठाची भाकर किंवा भजी रोज करू नयेत.

कोवळ्या शेंड्यांची भाजी चवीची असल्याने छत्तीसगडात ती आवडीने खाल्ली जाते व वाळवूनही ठेवतात. मात्र कोवळ्या पानांतही ओडॅप भरपूर असतो. भाजी उकळून पाणी टाकावे व ती अधूनमधूनच खावी.

लाखोळीच्या प्रथिनांत गंधकयुक्त अमिनो आम्ले कमी असतात. तांदूळ, ज्वारी, गहू यांच्या जोडीने खाल्ल्यास ती उणीव भरते. इथिओपियातही हा विकार मोठ्या प्रमाणावर आढळला. तृणधान्य मिसळून खाणाऱ्यांत आणि कांदा, लसूण, आले घातलेल्या कालवणातून खाणाऱ्यांत धोका कमी असल्याचे तेथील अभ्यासांत दिसून आले. म्हणूनच घरामागील बारीचे महत्त्व येथे मोठे आहे. उकिरड्यातील खत आणि न्हाणीचे सांडपाणी यांवर वाल, भोपळा, शेवगा, अंबाडी, कांदा-लसूण एवढे जरी पिकले, तरी ताट एकसुरी राहत नाही. बारी हे लाखोळीच्या धोक्यावरील घरगुती कुंपण आहे.

जनावरांचा आहार

लाखोळीचे कुटार तणसापेक्षा अधिक पौष्टिक असते. ते तणसात मिसळून, थोड्या प्रमाणापासून सुरुवात करून आठवडाभरात हळूहळू वाढवावे. दाण्याचा भरडा हा गाई-बैलांचा एकमेव खुराक करू नये. ढेप आणि कोंडा यांच्या जोडीने अल्प प्रमाणातच द्यावा. घोड्यांना लाखोळी अजिबात देऊ नये, कोंबडीच्या पिल्लांनाही ती बाधते. अधिक मार्गदर्शनासाठी दुर्ग भागातील पशुपालकांनी अंजोरा येथील कामधेनू विद्यापीठाशी संपर्क साधावा.

अवर्षणाच्या वर्षी काय करावे

ज्या हंगामात धान बुडाले आणि उतेरा तेवढा उभा राहिला, त्या हंगामात विस्तार कार्यकर्त्याने गावात पीकपाहणीसाठीच नव्हे, तर चूल पाहण्यासाठीही जावे. घरात धान्य किती उरले आहे, शिधावाटप दुकानातून तांदूळ मिळतो का, मजुरीचा मोबदला लाखोळीच्या रूपात दिला जात नाही ना, हे विचारावे. ज्यांना रोज दुसरे काही मिळत नाही, अशी कुटुंबे ग्रामपंचायत आणि आशा कार्यकर्तीच्या नजरेस आणून द्यावीत.

पोटऱ्यांत पेटके येणे, पाय जड वाटणे, बसल्या जागेवरून उठताना आधार लागणे, चवड्यांवर चालणे ही प्रारंभीची लक्षणे आहेत. ती दिसताच त्या व्यक्तीच्या आहारातून लाखोळी पूर्णपणे बंद करावी आणि तिला ताबडतोब आरोग्य केंद्रात न्यावे. झालेली हानी भरून येत नाही. वेळीच थांबल्यास पुढील हानी मात्र टळू शकते.

लाखोळीला सरसकट विष ठरवून बांधी पडीक ठेवणे योग्य नाही आणि तिला निर्धोक म्हणून मोकळीक देणेही योग्य नाही. शुद्ध बियाणे, बांधलेली गुरे, भिजवून पाणी टाकलेली डाळ आणि हिरवी बारी या चार गोष्टी एकत्र असतील, तर उतेऱ्याचे हे पीक शेतकऱ्याला आधार देते. म्हणून बियाण्याची पिशवी हाती देताना ती शिजवण्याची आणि खाण्याची रीतही त्याच भेटीत, घरातील स्त्री-पुरुष दोघांच्याही समक्ष सांगावी.