पतंगांची दिशाभूल किती रुपयांत?

सुकापूरच्या आसपास इमारती कितीही उठल्या, तरी पनवेल तालुक्यात भाताची खाचरं अजून आहेत आणि पिवळा खोडकिडाही आहे. फवारणीचा खर्च टाळायचा म्हणून ‘गंधाचं औषध’ विचारायला दुकानात जाल, तर आधी एक फरक ध्यानात ठेवा. कामगंध सापळा नर पतंगाला पकडतो. मिलनात अडथळा आणणारं औषध त्याला पकडत नाही. शेतभर मादीचाच कृत्रिम गंध पसरल्याने खरी मादी कुठे आहे हे नराला उमगत नाही, मिलन हुकतं आणि फलित अंडी पडत नाहीत.

हे दुसरं तंत्र आपल्याकडे गाजलं ते कापसात, 2017 मध्ये गुलाबी बोंडअळीने विदर्भ हैराण झाल्यानंतर. ‘पीबी नॉट’ म्हणजे आत तार असलेली दोरीसारखी बारीक नळी. ती झाडाच्या शेंड्याजवळ पीळ देऊन बांधतात. खर्च ढोबळमानाने एकरी साडेतीन-चार हजारांच्या घरात, बांधायची मजुरी वेगळी. गंध तीनेक महिने टिकतो, म्हणून कपाशीला हा खर्च परवडू शकतो. पण एकट्याने बांधून भागत नाही. शेजारच्या शेतात मिलन उरकलेली मादी तुमच्या शेतात येऊन अंडी घालते, तिला या गंधाशी काही देणंघेणं नसतं. सलग मोठं क्षेत्र असेल तरच पैसे वसूल. दहा-पंधरा गुंठ्यांच्या तुकड्यासाठी, चारी बाजूंना दुसऱ्यांची शेतं असताना, यात पैसे घालू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. शिवाय ती नळी गुलाबी बोंडअळीसाठीच आहे. भातात बांधली तर खोडकिडा तिच्याकडे ढुंकूनही पाहणार नाही.

भाताला सापळेच बरे. नुसती नजर ठेवायला हेक्टरी 5, नर मोठ्या प्रमाणावर पकडायला हेक्टरी 20, म्हणजे एकरी 8. नरसाळ्याचा सापळा साधारण 40 ते 80 रुपये, त्यात बसवायची गंधाची ल्युर 20 ते 50. ल्युर तीन आठवड्यांनी बदलायची. हंगामात तीन धरल्या तर एकरी 800 ते 1,840 रुपये आणि दहा गुंठ्यांना दोन सापळ्यांचे 200 ते 460. पुढल्या वर्षी सापळे तेच, खर्च फक्त ल्युरचा. सापळा पिकाच्या वर फूटभर राहील असा बांधा, भात वाढेल तसा वर सरकवा. पिशवीत पतंग दिसले म्हणजे कीड संपली असं नव्हे, ती आल्याची ती वर्दी. तेव्हा बांधावरून न परतता चिखलात उतरून गाभामर, म्हणजे वाळलेले पोंगे, किती झाली ते मोजा. पांढऱ्या ओंब्या दिसेपर्यंत थांबलात तर पुढे करण्यासारखं फारसं उरत नाही.

घेताना ‘ल्युर द्या’ एवढंच म्हणू नका, कीड सांगा. खोडकिड्याला स्किर्पोल्युर, वांग्याच्या शेंडे-फळं पोखरणाऱ्या अळीला ल्युसील्युर. पाकिटावरची मुदत बघा, बिल घ्या. ल्युर उन्हात टांगून विकायला ठेवली असेल तर सरळ दुसरं दुकान गाठा. गंध तिथेच उडालेला असतो. घरी आणल्यावर बंद पाकीट थंड जागी ठेवा आणि तंबाखू मळलेल्या हाताने ल्युर बसवू नका. खरेदीआधी कृषी सहायकांना गाठून अनुदानाचे सापळे आलेत का, तेही विचारा.