धंदा सुरू करताय? ७ हजारात कामाचे कपडे कसे बसवायचे

व्हिडिओमध्ये फळ्यावर जो हिशोब मांडला होता, तो इथे सविस्तर लिहून देतोय. वही-पेन घेऊन बसा. शेवटी गृहपाठ आहे, तो टाळू नका.

काही जणांना वाटेल, धंद्याच्या शिकवणीत कपडे कुठून आले? कारण सरळ आहे. नवीन मुलगा धंद्यात उतरतो तेव्हा त्याला बाजारात कोणी ओळखत नाही. गिऱ्हाईकाच्या दारात उभा राहिला की समोरचा माणूस आधी त्याच्याकडे बघतो, कार्ड नंतर बघतो. चुरगळलेला शर्ट आणि उसवलेला खिसा दिसला, की "हा काम तरी नीट करेल का?" हा प्रश्न मनात येतोच.

दुसरी बाजूही आहे. माझं स्वतःचं मेन्सवेअरचं दुकान आहे. काउंटरवर असे तरुण येतात ज्यांचं सगळं भांडवल पन्नास-साठ हजार, आणि ओपनिंगच्या दिवसासाठी ब्लेझर, दोन ब्रँडेड शर्ट, चामड्याचे बूट मिळून पंधरा हजारांचं बिल करायला निघालेले असतात. माझं गल्ल्याचं नुकसान झालं तरी चालेल, पण सांगतो: हे करू नका. साठातले पंधरा म्हणजे भांडवलाचा चौथा हिस्सा. तो कपाटात टांगून ठेवला, तर माल कशाने भरणार?

म्हणून आज आपण शिकायचं ते हे, की कमी पैशात, पण विचार करून, कामाला लागतील असे कपडे कसे घ्यायचे.

उदाहरण ठरवू या

समजा, २३ वर्षांचा एक मुलगा तालुक्याच्या गावात सीसीटीव्ही बसवण्याचा धंदा सुरू करतोय. भांडवल ६०,००० रुपये. कपड्यांसाठी त्याने ७,००० बाजूला काढले. भाव तुमच्या गावात थोडे वरखाली होतील, ते तुमचे टाका. पद्धत तीच ठेवा.

पायरी १ : आधी आठवडा लिहा, मग दुकानात जा

बहुतेक मुलं उलटं करतात. दुकानात जातात, जे आवडलं ते घेतात, आणि घरी आल्यावर कळतं की हा शर्ट कुठल्याच पँटवर जात नाही.

आपल्या मुलाचा आठवडा असा आहे : चार दिवस साइटवर, म्हणजे शिडी, ड्रिल, धूळ. दोन दिवस गिऱ्हाईकाकडे कोटेशन घेऊन जायचं, कधी बँकेत, कधी होलसेलरकडे. एक दिवस सुट्टी. मग त्याला काय लागतं? साइटला मळखाऊ, घाम शोषणारे कपडे आणि भेटीला नीटनेटके शर्ट. ब्लेझरची गरज महिन्यातून एकदाही नाही. लग्नात घालायचाच असेल तर भाड्याने मिळतो.

तुमचा धंदा वेगळा असेल तर आठवडा वेगळा येईल. केटरिंगवाल्याचा वेगळा, विमा एजंटचा वेगळा. म्हणून दुसऱ्याची यादी कॉपी करू नका.

पायरी २ : रंग आधी ठरवा

नियम एकच : प्रत्येक शर्ट प्रत्येक पँटवर गेला पाहिजे. शर्ट फिके घ्या, म्हणजे पांढरा, आकाशी, फिका राखाडी. पँट गडद घ्या, नेव्ही ब्लू आणि डार्क ग्रे. बूट आणि बेल्ट एकाच रंगाचे, म्हणजे दुसरा जोड लागत नाही.

यात गणित आहे. ३ शर्ट आणि २ पँट म्हणजे ६ जोड्या. त्यात पुढे २ शर्ट आणि १ पँट घातली की ५ गुणिले ३, म्हणजे १५ जोड्या. फक्त आठ कपडे! पण भडक चौकड्याचा एक शर्ट घेतला, जो एकाच पँटवर जातो, तर त्याची जोडी एकच. दुकानदाराला विचारायचा प्रश्न "हा कसा दिसतो?" असा नको. "हा माझ्या दोन्ही पँटवर जाईल का?" असं विचारा. शक्य असेल तर एक पँट घालून जा आणि दुसरी पिशवीत न्या.

पायरी ३ : यादी आणि बजेट

- फुल शर्ट ३ नग, प्रत्येकी ५५० : १,६५०
- पँट २ नग, प्रत्येकी ८०० : १,६००
- कॉलरचे टी-शर्ट २ नग, धंद्याचं नाव छापून, प्रत्येकी ३५० : ७००
- बंद बूट, रबरी सोलचे, १ जोड : १,१००
- बेल्ट : ३००
- मोजे ४ जोड : २००
- बनियन वगैरे : ४५०

बेरीज ६,०००. उरलेल्या १,००० मध्ये इस्त्री ७०० ची आणि ऑल्टरेशनसाठी ३००.

साइटला काय घालायचं? घरात आहेत त्या जुन्या जीन्स आणि त्यावर नाव छापलेला टी-शर्ट. गिऱ्हाईकाला माणूस टापटीप दिसतो आणि शेजाऱ्यांना धंद्याचं नाव दिसतं. ड्रिल चालवताना अंगावर ढगळ, लोंबणारं काही नको, हे सुरक्षेसाठीही लक्षात ठेवा.

इस्त्री यादीत बघून व्हिडिओ करताना मुलं हसली. हिशोब बघा. रोज दोन कपडे इस्त्रीला, एका कपड्याला १० रुपये, महिन्याचे २५ दिवस, म्हणजे ५०० रुपये. ७०० ची इस्त्री दीड महिन्याच्या आत वसूल. वीजबिल थोडं वाढेल, ते धरूनही फायदाच. आणि खरं सांगतो, ५५० चा इस्त्री केलेला शर्ट दोन हजारांच्या चुरगळलेल्या शर्टापेक्षा चांगला दिसतो.

पायरी ४ : एका वापराचा खर्च काढा

हा आजच्या धड्याचा मुख्य भाग. किंमत भागिले किती वेळा घालणार. बस.

शर्ट ५५० चा. आठवड्यातून दोनदा घातला, म्हणजे वर्षात साधारण १०० वेळा. एका वापराचा खर्च साडेपाच रुपये.

ब्लेझर ४,००० चा. वर्षातून चार वेळा, तीन वर्षं, म्हणजे १२ वेळा. एका वापराचा खर्च ३३३ रुपये!

आता टी-शर्ट. २०० चा पातळ टी-शर्ट वीस धुण्यांत सैल पडला, तर एका वापराचे १० रुपये. ३५० चा जाड विणीचा ७० वेळा चालला, तर ५ रुपये. म्हणजे स्वस्त वाटलेला टी-शर्ट दुप्पट महाग पडला. कमी बजेट म्हणजे सगळ्यात स्वस्त वस्तू घेणं नव्हे. रोज लागणाऱ्या गोष्टीवर थोडे जास्त घाला, क्वचित लागणारी गोष्ट भाड्याने आणा किंवा टाळा. बूट रोज लागतात, म्हणून यादीत सगळ्यात महाग नग बूटच आहे.

पायरी ५ : काउंटरवर काय तपासायचं

आता दुकानदार म्हणून सांगतो. हे तपासलंत तर कोणी चांगला दुकानदार रागावणार नाही.

खांदा : शर्टाची खांद्याची शिवण बरोबर खांद्याच्या हाडावर आली पाहिजे. लांबी, कंबर, बाही हे टेलर सहज कमी करून देतो. खांदा दुरुस्त करणं वेळखाऊ आणि खर्चिक. म्हणून खांदा बसला नाही तर शर्ट परत ठेवा.

साइज : एका कंपनीचा ४० आणि दुसऱ्याचा ४० सारखा असेलच असं नाही. स्लिम आणि रेग्युलरमध्येही फरक पडतो. घरातला जो शर्ट तुम्हाला उत्तम बसतो, त्याची छाती, खांदा आणि लांबी टेपने मोजून मोबाइलमध्ये लिहून ठेवा. ऑनलाइन घेताना हेच कामाला येतं.

शिवण : शर्ट उलटा करा. दोन्ही बाजूंची शिवण हलकी ओढा. टाके उघडे पडत असतील तर नको. बटणांचे दोरे आणि काजं बघा. चौकडा किंवा पट्टे असतील तर पुढच्या पट्टीवर रेषा जुळतात का ते बघा. तिथे कारागिराची काळजी दिसते.

पँट : मागच्या शिवणीत आत मार्जिन किती सोडलंय ते बघा. वजन वाढलं तर तीच पँट सैल करता येते. मार्जिन नसेल तर नवीनच घ्यावी लागेल.

कापड : लेबल वाचा. शुद्ध कॉटन उन्हाळ्यात सुखाचं, पण लवकर चुरगळतं. कॉटन-पॉलिस्टर मिक्स इस्त्रीला सोपं आणि लवकर वाळणारं, म्हणून पावसाळ्यात बरं. पूर्ण पॉलिस्टर साइटवर घामाने नकोसं होतं. तीन शर्टांत एक कॉटन आणि दोन मिक्स, असं धरा.

रेडिमेड की शिवून?

दोन्ही करून बघा. ५८ इंच पन्ह्याच्या कापडात फुल शर्टाला साधारण १.६ मीटर लागतं, पँटला १.२ ते १.३ मीटर. पन्हा ३६ इंचाचा असेल तर शर्टाला सव्वादोन मीटरच्या आसपास धरा. कापडाचा भाव गुणिले मीटर, अधिक शिलाई, ही बेरीज करा आणि रेडिमेडशी ताडून बघा. कॉटनचं कापड शिवायला देण्याआधी पाण्यात भिजवून वाळवा, नाहीतर पहिल्या धुण्यात आटेल. शरीरयष्टी खूप उंच, बारीक किंवा जाड असेल तर शिवलेलं बहुतेक वेळा जास्त टिकतं, कारण मापाचं असतं.

आपल्या राज्यात इचलकरंजी, भिवंडी, मालेगाव ही यंत्रमागाची गावं आहेत. उल्हासनगर जीन्ससाठी ओळखलं जातं, सोलापूर चादरी-टॉवेलबरोबर युनिफॉर्मसाठीही. बनियन आणि टी-शर्टचा बराच माल तमिळनाडूतल्या तिरुप्पूरहून येतो. पण दोन शर्टांसाठी दीडशे किलोमीटर जाऊ नका. प्रवासखर्च आणि बुडालेला दिवस हिशोबात धरा. चार मित्र मिळून वर्षाचे कपडे घेणार असाल, तर जायला अर्थ आहे.

कधी घ्यायचं?

दसरा-दिवाळी आणि लग्नसराईच्या तोंडावर दुकानात नवीन माल असतो, गर्दी असते, भाव पक्के असतात. सीझन संपला की आमच्याकडे कट साइज उरते, म्हणजे एकाच डिझाइनचे काही साइज संपलेले आणि काही शिल्लक. तो माल आम्हाला काढायचाच असतो, कारण पैसे त्यात अडकलेले असतात. त्यात तुमचा साइज आणि तुमचा ठरलेला रंग मिळाला, तर खुशाल घ्या. पितृपक्षातही बाजार थंड असतो, तेव्हा निवांत बघता येतं.

"एकावर दोन फ्री" मध्ये मात्र शांत डोकं ठेवा. १,९९९ ला तीन शर्ट म्हणजे एक ६६६ ला पडला. तुम्हाला तीन हवे असतील तर ठीक. एकच हवा होता, तर तुम्ही १,९९९ खर्च केलेत.

टॅक्सही समजून घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या कपड्याला प्रति नग ५ टक्के जीएसटी आहे आणि त्यावर १८ टक्के. आपल्या यादीतला एकही कपडा त्या रेषेच्या जवळपास जात नाही, आणि पहिल्या वर्षी जायचीही गरज नाही.

आणि कपडे हप्त्यावर घेऊ नका. उधार घ्यायचंच असेल तर जो माल विकून पैसे परत येतील त्यासाठी घ्या. शर्ट विकून पैसे येत नाहीत.

हिशोबाच्या वहीत कुठे लिहायचं?

हा भाग व्हिडिओत घाईत झाला, म्हणून इथे नीट सांगतो. शर्ट, पँट, बूट हा तुमचा घरखर्च आहे. धंद्याच्या पैशातून घेतला तर वहीत तो मालकाची उचल म्हणून लिहायचा, बीकॉम-बीबीए वाल्यांच्या भाषेत ड्रॉइंग्ज. धंद्याच्या खर्चात टाकू नका. धंद्याचं नाव छापलेले टी-शर्ट आणि पुढे कामाला मुलं ठेवलीत तर त्यांचा युनिफॉर्म, हा धंद्याचा खर्च. त्याचं बिल धंद्याच्या नावाने घ्या. म्हणजे आपल्या ७,००० पैकी ७०० धंद्याचे आणि ६,३०० मालकाचे. ही सवय पहिल्या महिन्यापासून लागली, तर वर्षअखेरीस धंद्यात नफा झाला की आपणच खाल्ला, हे स्पष्ट कळतं.

उरलेले २ शर्ट आणि १ पँट कधी? ५५० चे दोन आणि ८०० ची एक, म्हणजे १,९०० रुपये. ते भांडवलातून नाही, पहिल्या नफ्यातून घ्यायचे.

गृहपाठ

१. आज रात्री कपाट रिकामं करा. गेल्या तीन महिन्यांत एकदाही न घातलेले कपडे वेगळे काढा. दुकानाच्या भाषेत हा तुमचा डेड स्टॉक. त्यांची अंदाजे किंमत लिहा. आकडा बघून पुढची खरेदी आपोआप जपून होईल.

२. तुमचा आठवडा लिहा आणि त्यावरून यादी करा. जास्तीत जास्त दहा नग.

३. यादीतल्या प्रत्येक नगासमोर एका वापराचा खर्च काढा. २० रुपयांच्या वर गेला तो नग आत्ता खोडा.

आणि एक लक्षात घ्या, हेच तीन प्रश्न उद्या दुकानात माल भरताना विचारायचे आहेत : याला गिऱ्हाईक आहे का, हा दुसऱ्या मालाबरोबर खपेल का, आणि किती दिवसांत पैसे मोकळे होतील? ज्याला स्वतःच्या कपाटात डेड स्टॉक ओळखता आला, त्याला तो दुकानातही लवकर दिसतो.

तुमची यादी आणि बेरीज कमेंटमध्ये टाका, मी बघून उत्तर देतो. पुढच्या धड्यात पहिला माल किती भरायचा ते घेऊ. तोवर इस्त्री गरम करा आणि कामाला लागा!