घरच्या माणसाला अटक झाली, तर खर्च किती?

घरच्या माणसाला पोलिसांनी उचललं की नातेवाईक आधी पैशांची जुळवाजुळव करतात. प्रत्यक्षात कोठडीतल्या माणसाच्या हक्काच्या बहुतेक गोष्टींना छदामही लागत नाही.

अटकेचा मेमो : फुकट. त्यावर तारीख, वेळ, घरच्या किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही आणि आरोपीची सही हवी. आधी वेळ बघा. प्रवास वगळून २४ तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करावंच लागतं. सकाळी उचललं आणि मेमोवर रात्रीची वेळ दिसली, तर वकिलाला लगेच सांगा.

वैद्यकीय तपासणी : फुकट. डी. के. बसू खटल्यातल्या १९९६च्या निकालानुसार कोठडीत दर ४८ तासांनी ती व्हायला हवी. अहवालाची प्रत मागून घ्या. अंगावरचे वळ त्यात नोंदवलेत का, ते तपासा. मारहाण झाली असेल, तर रिमांडच्या वेळीच दंडाधिकाऱ्यांना सांगायला लावा.

वकील : कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट न लावता सरकारी खर्चाने मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा किंवा १५१०० वर फोन करा. खासगी वकील केलात, तर फी आधी ठरवा आणि पावती घ्या.

जामीन : जातमुचलक्यावर सुटका झाली, तर आगाऊ रोकड भरावी लागत नाही. रोख जामिनाची रक्कम मात्र भरावी लागते. अटी पाळल्या, तर खटला संपल्यावर ती परत मिळते. पावती जपून ठेवा.

माहिती अधिकार : अर्जाला १० रुपये. प्रश्न जीविताचा वा स्वातंत्र्याचा असेल, तर ४८ तासांत उत्तर द्यावं लागतं. अर्जात तसं स्पष्ट लिहा. पोलीस ठाण्यातलं सीसीटीव्ही चित्रण १८ महिने, निदान एक वर्ष तरी, जपावं असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये बजावलंय. तरी चित्रण राखून ठेवण्याचा लेखी अर्ज लगेच द्या आणि पोच घ्या.

मानवी हक्क आयोग : तक्रारीला फी नाही, मराठीत चालते, वकीलही लागत नाही. मुदत घटनेपासून एक वर्ष. आयोग नुकसानभरपाईची शिफारस करतो. सक्तीने वसूल करून देत नाही, हे ध्यानात ठेवा.

भेटीसाठी, डब्यासाठी किंवा ‘मारणार नाही’ म्हणून कुणी पैसे मागितले, तर ती फी नव्हे, लाच आहे. ती देऊ नका; लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला १०६४ वर कळवा.