कोह लांतावर दोघांनी निवांत राहण्याची कृती

थायलंडला गेलेली बरीच जोडपी पाच दिवसांत बँकॉक, पट्टाया, फुकेत, फी फी सगळं उरकतात आणि दमून घरी येतात. विश्रांतीच हवी असेल तर एकच बेट धरा आणि तिथून हलू नका. माझी पसंती क्राबी प्रांतातल्या कोह लांताला आहे. निदान पाच रात्री हाताशी ठेवा.

१. आधी महिना ठरवा. कोकणासारखाच या किनाऱ्यालाही नैऋत्य मोसमी पाऊस झोडपतो. मे ते ऑक्टोबर समुद्र खवळलेला असतो आणि बरीच हॉटेलं बंद राहतात. डिसेंबरची अखेर महाग पडते. फेब्रुवारी-मार्च उत्तम. रजा जुलै-ऑगस्टमध्येच मिळणार असेल तर आखाताच्या बाजूचं कोह सामुई गाठा. तिथला मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरात पडतो.

मग तिथी बघा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी फार आत ओढलं जातं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटी लहान असते, तेव्हा पोहायला जास्त वेळ मिळतो.

२. खोली पश्चिम किनाऱ्यावरच घ्या. दोघांपैकी एकाला जरी पोहता येत नसेल तरी फ्रा ए, म्हणजे लाँग बीच, बरा. तळाला वाळू आणि उतार सौम्य. ख्लोंग खोंगला खोल्या स्वस्त, पण ओहोटीला खडक उघडे पडतात.

३. पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत थायलंडच्या इमिग्रेशन खात्याच्या अधिकृत संकेतस्थळावर डिजिटल अरायव्हल कार्ड भरा. ते मोफत आहे. पैसे मागणाऱ्या संकेतस्थळांपासून दूर राहा. व्हिसाचे नियम बदलत असतात, म्हणून तिकिटं काढण्याआधी दूतावासाची माहिती वाचा. क्राबी विमानतळावरून व्हॅन करा. वाटेत फेरीबोट लागते; दाभोळच्या फेरीबोटीसारखी तीही गाड्यांसकट खाडी ओलांडते.

४. पहिला दिवस कोराच ठेवा. त्या दिवशी एकच गोष्ट ठरवून टाका: रोज दोन तास प्रत्येकाला एकट्याचे. एकाने वाचावं, दुसऱ्याने झोपावं, कुणी कुणाला हाक मारू नये. हे मी आग्रहाने सांगते, कारण नंतर सोबत चालताना बोलायला काहीतरी असतं. संध्याकाळी ओहोटीला अनवाणी निघा. ओल्या वाळूत बारके खेकडे बिळाभोवती वाळूच्या गोळ्या टाकत जातात. वाकून स्थिर उभं राहिलं की मिनिटाभरात ते पुन्हा बाहेर येऊन कामाला लागतात.

५. शाकाहारी असाल तर नुसतं 'व्हेज' म्हणून भागत नाही. भाजीत माशाचं पाणी, म्हणजे नाम प्ला, पडतं. करीच्या वाटणात बहुधा कोळंबीची पेस्ट, म्हणजे कापी, असते आणि पपईच्या सोम तामात चक्क सुकट. 'माय साय नाम प्ला' म्हणजे माशाचं पाणी घालू नका. 'जे' असं विचारलंत तर मांस, मासे, अंडीच काय, कांदा-लसूणही नसलेलं जेवण मिळतं. पिवळ्या पताकेवर लाल अक्षरात तशी खूण असते.

६. बाहेर एकदाच पडा. मी लांताचं जुनं गाव निवडेन: पूर्व किनाऱ्यावर खांबांवर उभी लाकडी घरं, चिनी, मलय मुसलमान आणि समुद्रावर जगणारे उराक लावोई यांचा शेजार. बेटावर मुस्लिम वस्ती मोठी आहे, म्हणून गावात जाताना अंगभर कपडे घाला. स्कूटर घ्यायची तर दुचाकीची नोंद असलेला आंतरराष्ट्रीय परवाना हवा; तो नसला तर अपघातात विमा कंपनी हात वर करू शकते. त्यापेक्षा टुकटुक करा.

७. पाण्यात शिरण्याआधी बावटा पाहा. लाल असेल तर जाऊ नका. किनाऱ्यावर खांबाला व्हिनेगरच्या बाटल्या असतात. जेलीफिशचा डंख बसला तर न चोळता, गोडं पाणी न लावता, निदान अर्धा मिनिट व्हिनेगर ओता आणि दवाखाना गाठा. राष्ट्रीय उद्यानांत ऑक्सिबेन्झोनसारखी प्रवाळांना घातक द्रव्यं असलेलं सनस्क्रीन २०२१पासून बंद आहे. घरूनच लेबल वाचून घ्या.

८. परतीचं विमान सकाळचं असेल तर शेवटची रात्र क्राबी गावात काढा. फेरीबोटीच्या रांगेत किती वेळ जाईल, याचा नेम नसतो.