आवाज मोठा झाला, पण गाणं कुठंय?

घरी रेकॉर्डिंग करणाऱ्या प्रत्येकाला एक वाक्य हमखास ऐकावं लागतं, "चांगलंय रे, पण हळू येतंय. जरा मोठं कर ना!" हे 'मोठं करणं' वाटतं तितकं सोपं नाही, हे मी फजिती करून घेऊन शिकलो. तुमची होऊ नये म्हणून हा लेख.

आषाढी एकादशीच्या आधी होस्टेलच्या चौघांना घेऊन आमच्या डोंबिवलीच्या घरी एक अभंग रेकॉर्ड केला. गाणारा मित्र परभणीचा. बाकीचे तिघे हार्मोनियम, तबला आणि टाळ घेऊन बसले. दोन माइक, एक छोटा ऑडिओ इंटरफेस आणि माझा लॅपटॉप, एवढाच आमचा स्टुडिओ! घर रेल्वेलाइनजवळ, त्यामुळे फास्ट लोकलचा भोंगा वाजला की टेक वाया. शेवटी रात्री साडेअकराला एक टेक जमला.

ऐकलं तर फारच हळू. मी ऑडॅसिटीमध्ये 'अ‍ॅम्प्लिफाय' उघडलं. एका मर्यादेपुढे ते आवाज वाढवू देईना. खाली 'अलाऊ क्लिपिंग' असा एक चौकोन होता. मी बिनधास्त टिक केली! फाइल जोरात वाजायला लागली, सगळे खूश. मित्राने लगेच गावी वडिलांना पाठवली. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला, "नुसते टाळच वाजायलेत की रे. तुझा आवाज कुठंय?" मित्र काही बोलला नाही, पण त्याचा चेहरा पाहून मलाच अपराधी वाटलं.

नेमकं काय झालं होतं? डिजिटल ऑडिओला एक छत असतं, शून्य डेसिबल. त्याच्या वर काही नाही. टाळेचा ठोका क्षणभराचा, पण टोकदार. तो छताला टेकला होता आणि गाणाऱ्याचा आवाज कितीतरी खाली राहिला होता. अशा वेळी सगळंच वर ढकललं तर लाटांची डोकी सपाट कापली जातात. हेच क्लिपिंग. मॅथ्सला आपण फुरिये सिरीज करतो ना? सपाट डोक्याच्या लाटेत मूळ सुरात नसलेले वरचे हार्मोनिक्स घुसतात. तीच ती कर्कश खरखर.

शिवाय आपल्या कानाला 'मोठं' वाटतं ते टोकामुळे नाही, तर सरासरी पातळीमुळे. म्हणून टोकं आणि सरासरी यांतलं अंतर शहाणपणाने कमी करायचं, एवढंच खरं काम आहे. पुढच्या शनिवारी सगळ्यांना परत बोलावलं आणि असं केलं :

१) प्रत्येकाचा ट्रॅक वेगळा. आधी हार्मोनियम, मग तबला, मग हेडफोन लावून गायन, टाळ सर्वांत शेवटी. गाणारा माइकपासून वीतभर, टाळकरी मात्र खोलीच्या दुसऱ्या टोकाला. भिंतींना आईच्या गोधड्या. रेकॉर्डिंग २४ बिटमध्ये, टोकं उणे १२ डेसिबलच्या आसपास. हळू वाटलं तरी घाबरायचं नाही, वाढवायला नंतर भरपूर जागा असते.

२) नको ते काढा. पंख्याची घरघर आणि विजेची ५० हर्ट्झची गुणगुण फारशी ऐकू येत नाही, पण जागा खाते. गायनाच्या ट्रॅकवर ८० हर्ट्झच्या खालचं फिल्टरने कापलं. २०० ते ४०० हर्ट्झमध्ये हार्मोनियम आणि गळा एकमेकांवर चढतात, तिथे हार्मोनियम ३ डेसिबल खाली घेतली. गायनाचा आवाज न वाढवताच शब्द मोकळे झाले!

३) टोकं त्यांच्याच ट्रॅकवर आवरा. टाळेचे अतिशहाणे ठोके एकेक करून खाली आणले. कंटाळवाणं काम आहे, पण सगळ्यात जास्त फायदा इथेच झाला.

४) गायनाला हलका कॉम्प्रेसर. ३:१ रेशो म्हणजे ठरवलेल्या रेषेच्या १२ डेसिबल वर गेलेला सूर फक्त ४ डेसिबल वर राहतो. मग पूर्ण ट्रॅक वर उचलता येतो. अति केलंत तर गाणारा श्वासाश्वासाला धापा टाकतोय असं वाटतं.

५) शेवटी लिमिटर. छत उणे १ डेसिबल, आणि त्याने २-३ डेसिबलपेक्षा जास्त दाबू नये. जास्त दाबावं लागत असेल तर चूक मिक्समध्ये आहे, परत मागे जा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं : आधीचं आणि नंतरचं ऐकताना दोन्ही सारख्याच आवाजात ऐका. बेल लॅब्जच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवलं, की कमी आवाजात आपल्या कानांना खर्जाचे सूर कमी ऐकू येतात. म्हणून नुसतं मोठं केलेलं गाणंही भरदार वाटतं आणि आपण फसतो.

ही चूक फक्त आपणच करतो असं नाही बरं का! २००८ मध्ये मेटॅलिकाचा 'डेथ मॅग्नेटिक' अल्बम इतका दाबून काढला होता, की चाहत्यांना 'गिटार हिरो' या व्हिडिओ गेममधली तीच गाणी जास्त चांगली वाटली. आता तर ही स्पर्धा निरर्थकच आहे. स्पॉटिफाय गाणी साधारण उणे १४ एलयूएफएस या सरासरी पातळीला आणून वाजवतं, यूट्यूबही जास्त मोठं गाणं खाली खेचतं. म्हणजे तुम्ही गाण्याचा जीव काढून मिळवलेला मोठेपणा तिथे काढून घेतला जातो, उरते ती फक्त खरखर.

आमची नवी फाइल पहिलीपेक्षा मीटरवर थोडी कमीच होती. मोबाइलच्या स्पीकरवर ऐकली, दुपारच्या रिकाम्या लोकलमध्ये इयरफोन लावून ऐकली, मगच गावी पाठवली. रात्री फोन आला. वडील म्हणाले, "हां, आता कसं, पोरगं गायलंय." मग त्यांनी फोन शेजारच्या काकांना दिला.

तेव्हा दोस्तहो, पुढच्या वेळी कुणी "मोठं कर" म्हणालं, तर व्हॉल्यूमला हात लावण्याआधी गाण्याच्या वाटेत कोण उभं आहे ते शोधा. त्याला बाजूला करा, गाणं आपोआप पुढे येतं. आणि हो, त्या चौकोनात टिक करू नका!