मोबदल्याची रीत आणि चिकित्सेची दिशा

चिकित्सेचे चार पाद आपण विद्यार्थिदशेतच पाठ केलेले असतात. भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी हे चार पाद, आणि प्रत्येकाचे चार असे एकूण सोळा गुण एकत्र आले म्हणजे चिकित्सा सिद्धीस जाते, हे चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायाचे प्रतिपादन होय. या सोळा गुणांत मोबदल्याचा उल्लेख नाही. वाग्भटाने मात्र अष्टांगहृदयाच्या पहिल्याच अध्यायात रोग्याच्या गुणांत ‘आढ्य’ या गुणाचा समावेश केला. रोग्याला उपचाराचा खर्च पेलावा, हे व्यवहारज्ञान त्यामागे आहे. तेव्हा पैशाचा विचार आपल्या शास्त्राला परका नाही. तो पैसा कोणत्या रीतीने घेतला जातो आणि त्या रीतीमुळे चिकित्सेला कोणते वळण लागते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

अद्रव्यभूत चिकित्सेचे मोल

आपल्याकडील बहुसंख्य चिकित्सालयांत ‘औषधासकट’ पैसे घेण्याची प्रथा आहे. रुग्ण पुड्या, गोळ्या, काढा घेऊन जातो व एकच रक्कम देतो. त्या रकमेत वैद्याच्या ज्ञानाचे मोल किती आणि द्रव्याचे किती, हे रुग्णाला कळत नाही. कालांतराने वैद्यालाही कळेनासे होते.

या प्रथेचा परिणाम सूक्ष्म आहे. विमानस्थानात भेषजाचे द्रव्यभूत आणि अद्रव्यभूत असे दोन प्रकार सांगितले आहेत. निदानपरिवर्जन ही तर चिकित्सेची पहिली पायरी. परंतु रात्रीचे दही बंद करा, दिवसा झोपू नका, दोन दिवस लंघन करा, औषधाची आवश्यकता नाही, असे सांगणाऱ्या वैद्याच्या हाती काय पडते? बहुधा काहीच नाही. ज्या सल्ल्यासाठी सर्वाधिक विचार करावा लागतो, त्याला मोल नाही. ज्या पुडीची कदाचित गरज नव्हती, तिला आहे. अशा स्थितीत एखादी पुडी अधिक दिली जाते, ती लोभामुळेच दिली जाते असे नव्हे. मोबदल्याची रीतच तिकडे ढकलत असते. प्रामाणिक वैद्यालाही या उतारावर पाय रोवून उभे राहावे लागते.

पॅकेज आणि कोष्ठ

पंचकर्माच्या बाबतीत हा प्रश्न अधिक तीव्र होतो. स्नेहपान किती दिवस द्यावे हे कोष्ठावर ठरते. मृदू कोष्ठात तीन दिवस पुरतात, क्रूर कोष्ठात सात दिवस लागू शकतात. पॅकेजची रक्कम मात्र रुग्णाचा कोष्ठ पाहण्यापूर्वीच ठरलेली असते.

आमच्याच चिकित्सालयातील एक प्रसंग येथे नमूद करणे आम्हांस आवश्यक वाटते. विरेचनासाठी आलेल्या एका रुग्णाने सात दिवसांच्या स्नेहपानासह संपूर्ण रक्कम आगाऊ भरली होती. तिसऱ्या दिवशीच वातानुलोमन, अग्निदीप्ती, स्निग्ध व असंहत मलप्रवृत्ती ही सम्यक् स्निग्धतेची लक्षणे दिसली. परिचारिकेने ती पाहिली, परंतु सात दिवसांचे पैसे भरलेले असल्याने चौथ्या व पाचव्या दिवशीही वाढत्या मात्रेने घृत दिले गेले. पाचव्या दिवशी रुग्णास अरुची, गौरव व उत्क्लेश सुरू झाला. स्नेहपान थांबवून लंघन व उष्णोदक द्यावे लागले आणि विरेचन लांबले. रुग्ण बरा झाला, हे आमचे भाग्य.

नंतर चौकशी केली तेव्हा दोष नेमका कोणाचा हे सांगता येईना. परिचारिकेला थांबवण्याचा अधिकार दिलेला नव्हता. नोंदवहीत ‘दिवस’ व ‘मात्रा’ असे रकाने होते, ‘लक्षणे’ असा रकानाच नव्हता. आणि रोज लक्षणे तपासणे ज्यांचे कर्तव्य होते ते आम्ही, ते दोन दिवस बाह्यरुग्णांच्या गर्दीत अडकलो होतो. पहिली चूक आमची होती, हे येथे स्पष्टपणे लिहितो. त्या दिवसापासून स्नेहपानाचे शुल्क प्रत्यक्ष दिवसांनुसार घेतो, आणि लक्षणांच्या रकान्यात वैद्याची स्वाक्षरी असल्याशिवाय पुढील मात्रा दिली जात नाही.

संसर्जन क्रमाचेही असेच आहे. शुद्धीच्या प्रतीनुसार तीन, पाच अथवा सात दिवस पेया-विलेपी सांभाळणे हा शोधनाचाच भाग होय. परंतु त्याचे बिल होत नाही. म्हणून तो छापील कागदावर उरतो आणि रुग्ण दुसऱ्याच दिवशी पूर्ववत जेवू लागतो.

औषधालयाचा गल्ला

औषधविक्रेत्या बंधूंनीही याच दृष्टीने आपल्या व्यवहाराकडे पाहावे. नफा शेकडेवारीवर असला म्हणजे वीस टक्के दराने साठ रुपयांच्या चूर्णावर बारा रुपये सुटतात आणि सहाशे रुपयांच्या रसकल्पावर एकशेवीस. दोहोंसाठी श्रम सारखेच. किंबहुना काढ्याची भरड तोलून, बांधून, करण्याची कृती समजावून देण्यास वेळ अधिक लागतो. त्यातच ठरावीक मालाच्या खपावर नोकराला जादा रक्कम मिळत असेल, तर गिऱ्हाइकाला काय सुचवले जाईल हे सांगावयास नको.

धोका येथेच संभवतो. वत्सनाभ, कुचला, भल्लातक यांसारखी द्रव्ये औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या नियमावलीतील परिशिष्ट ई (१) मध्ये समाविष्ट आहेत. ती असलेल्या पोटात घ्यावयाच्या औषधांवर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापणे बंधनकारक आहे. त्रिभुवनकीर्ती रसासारखा वत्सनाभयुक्त कल्प ताप आला म्हणून सहज हाती ठेवला गेला, तर ती सूचना केवळ वेष्टनावरच राहते. खपाबद्दल बक्षीस मिळते, सावध केल्याबद्दल मिळत नाही.

परदेशांतील दोन प्रयोग

हा प्रश्न केवळ आपला नाही. दक्षिण कोरियात जुलै २००० पासून औषध लिहून देणे व औषध देणे ही कामे कायद्याने वेगळी करण्यात आली. डॉक्टरांनी त्याविरुद्ध मोठे संप केले. चीनमध्ये सरकारी रुग्णालये औषधाच्या खरेदीमूल्यावर १५ टक्क्यांपर्यंत अधिभार घेत असत. तो टप्प्याटप्प्याने रद्द होत २०१७ पर्यंत सर्व सरकारी रुग्णालयांतून गेला, आणि ती तूट भरून काढण्यासाठी तपासणी व सेवांचे दर वाढवण्यात आले.

लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की दोन्ही देशांत पारंपरिक वनौषधींना या नियमांतून वगळण्यात आले. पारंपरिक वैद्यकात औषधनिर्मिती व चिकित्सा एकमेकांत गुंतलेली असते. आपल्याकडेही स्वतःच्या रुग्णांसाठी औषध तयार करणाऱ्या वैद्याला कायद्याने सवलत दिलेली आहे. ही सवलत आपल्या परंपरेचा सन्मान होय. परंतु जेथे बाहेरचे बंधन नाही तेथे आतले बंधन अधिक कडक असावे लागते.

आता विम्याचाही प्रवेश झाला आहे. विमा नियामक प्राधिकरणाने जानेवारी २०२४ मध्ये परिपत्रक काढून, १ एप्रिल २०२४ पासून आयुष उपचारांना अन्य उपचारांच्या बरोबरीने लेखण्यास विमा कंपन्यांना सांगितले. हे स्वागतार्ह आहे. तथापि विम्याचा भर प्रामुख्याने आंतररुग्ण उपचारांवर असतो. घरी राहून बरा होणारा रुग्ण केवळ दाव्यासाठी दाखल करून घेण्याचा मोह येथून उत्पन्न होईल, त्याविषयी आजच सावध असावे.

उत्तरदायित्वाची पाच सूत्रे

१. पावतीवर सल्ल्याचे शुल्क, औषधाचे मूल्य व कर्माचे शुल्क वेगवेगळे लिहावे. प्रारंभी एकूण रक्कम तीच ठेवली तरी चालेल. रुग्णाची सवय हळूहळू बदलते.

२. औषध न देता केवळ पथ्य सांगितले तरी सल्ल्याचे शुल्क संकोच न करता घ्यावे. ज्याला ते परवडत नाही त्याला सूट द्यावी, पण सूट दिल्याची नोंद करावी.

३. औषध कोणी तयार केले, कोणी दिले आणि घेण्याची रीत कोणी समजावली, या तिघांची आद्याक्षरे रुग्णपत्रिकेवर असावीत.

४. कर्म थांबवण्याचा अधिकार उपस्थात्याला द्यावा. उपस्थात्याचे ‘उपचारज्ञता’ व ‘दाक्ष्य’ हे गुण अधिकाराविना निष्फळ ठरतात.

५. कोणाही नोकराचे वेतन विशिष्ट औषधाच्या खपाशी जोडू नये, आणि रुग्ण पाठवल्याबद्दल कमिशन देऊ वा घेऊ नये.

सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये व्ही. पी. शांता खटल्यात वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत येते असा निर्णय दिला. तेव्हापासून नोंदींकडे आपण बहुधा न्यायालयाच्या भीतीने पाहतो. आमच्या मते नोंद ही प्रथमतः रुग्णासाठी असते. आमच्या वहीत तो एक रकाना असता, तर एका रुग्णाचे दोन दिवसांचे क्लेश टळले असते.

अभ्यासासाठी एक सूचना करून हा लेख पुरा करतो. गेल्या महिन्यातील कोणत्याही वीस रुग्णपत्रिका काढाव्यात. त्यांतील किती रुग्णांना औषधाविना परत पाठवता आले असते, आणि प्रत्यक्षात किती जणांना पाठवले, हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहावेत. त्या दोहोंतील अंतर दुसऱ्या कोणाला दाखवण्याची आवश्यकता नाही. आपण स्वतः पाहिले म्हणजे पुरे.